अनुस्वार न उठलेले खिळे : भंगारातलं शिसं साफ करण्याचं एक प्रकरण

पावसाळा नुकताच लागला होता. मुंबईच्या दारूखाना भागातल्या माझ्या गाळ्यासमोर दुपारी एक टॅक्सी थांबली आणि डिकीतून दोन गोण्या उतरल्या. एकीत शिशाच्या लगडी होत्या, दुसरीत छापखान्यातले जुने खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे. सोबत तिशीतली एक मुलगी आणि तिच्या डोक्यावर छत्री धरून पंचाहत्तरीच्या घरातले एक गृहस्थ. तिनं पर्समधून रुमालात बांधलेले चार खिळे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "काका, यांच्यावर अनुस्वारच उठत नाहीत. तीनदा धातू साफ करून घेतली, तरी नाही."

मी बोटींच्या इंजिनांची बेअरिंगं व्हाइट मेटलनं भरून देतो. पस्तीस वर्षं हेच काम. छपाईतलं मला फारसं कळत नाही, पण छापखान्याचा खिळा आणि माझं व्हाइट मेटल हे एकाच घरातले: शिसं, कथील आणि अँटिमनी. प्रमाण तेवढं वेगळं. शिसं वजन आणि ओघ देतं, अँटिमनी कठीणपणा देते, कथील धातूला साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचवतं. लायनोटाइप या अख्खी ओळ ओतणाऱ्या यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं आणि ते २४० अंशांच्या आसपासच वितळतं. हातानं जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनी आणि कथील याहून बरंच जास्त, कारण तो खिळा हजारो वेळा दाब सोसतो.

खिळे मी भिंगाखाली पाहिले. अक्षराचं अंग उठलेलं होतं, पण कडा गोल, जणू साबण वापरून झिजलाय. 'ळ'च्या दोन गाठी एकमेकांत मिसळलेल्या. अनुस्वाराच्या जागी खड्डा. एक खिळा पक्कडीनं मोडला तर आतून स्पंजासारखा. धातू साच्यात गेली होती, पण शेवटच्या केसभर जागेत शिरायला तयार नव्हती.

मुलीच्या आजोबांचा खेतवाडीत छापखाना होता. गिरगाव आणि काळबादेवीच्या या पट्ट्यात मराठी छपाईचा केवढा वारसा आहे हे वेगळं सांगायला नको. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी काम केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला तो याच मुंबईत, आणि त्यांचं नाव झालं ते आधी सुबक खिळ्यांमुळे. या मुलीच्या आजोबांचा छापखाना त्यामानानं अगदी छोटा: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. ऑफसेट छपाई आल्यावर तो बंद पडला. एक पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या केसी, म्हणजे खिळे ठेवायचे कप्प्यांचे लाकडी खण, तेवढे राहिले. तिनं ते मशीन पुन्हा चालू केलंय. आजोबांनी चाळीतल्या गणेशोत्सवाच्या आठवणी लिहिल्या होत्या, ती पुस्तिका त्यांच्याच खिळ्यांनी छापायची असा तिचा हट्ट. सोबत आलेले गृहस्थ त्या छापखान्यातले जुने जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. काही अक्षरं झिजून गेलेली, काही हरवलेली. अण्णांकडे खिळे ओतायचा हातसाचा होता आणि त्यात बसवायच्या साठ-पासष्ट मातृका, म्हणजे अक्षरांचे खोलगट ठसे, जपून ठेवलेल्या. तेव्हा जुने निकामी खिळे वितळवून नवे ओतायचे ठरलं. छापखाने कायम हेच करत आले आहेत, यात वावगं काहीच नाही.

चूक झाली ती वितळवताना. घराजवळच्या एका कारखानदारानं सगळं एकदम कढईत टाकून दिलं. कढईत काय काय गेलं, हे मी तिला तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, कारण या धंद्यात पहिल्यांदा सांगितलेली यादी कधीच पुरी नसते. जुने खिळे. ओळींच्या मध्ये घालायच्या शिशाच्या पट्ट्या, ज्यांना छापखान्यात लेड म्हणतात. रेघा छापायच्या पितळी पट्ट्या, म्हणजे रूळ. जुन्या बिडाच्या पाण्याच्या पाइपांच्या सांध्यांत भरलेलं थोडं शिसं. तिसऱ्यांदा विचारल्यावर अण्णा म्हणाले, "आणि दोन-चार ब्लॉक असतील. लाकूड काढून टाकलं होतं त्यांचं."

तिथेच मला उत्तर मिळालं. ज्यांनी जुना छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्र, सही, बोधचिन्ह छापायचं असेल तर जस्ताच्या पत्र्यावर ते कोरून घेत आणि पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळवत. तो ब्लॉक. शाईनं माखला की तो खिळ्यांइतकाच काळा आणि तितकाच जुनाट दिसतो. लाकूड काढलं की शिशाची पट्टी आणि जस्ताचा पत्रा यांत नजरेनं फरक करणं अवघड.

खात्री करण्यासाठी दुसऱ्या गोणीतून एक पत्रा काढला, कानशीनं कोपरा घासून चकचकीत केला आणि त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकला. लगेच बुडबुडे फसफसून आले. शिशाच्या पट्टीवर तोच थेंब नुसता बसून राहिला. ही परीक्षा सोपी आहे, पण ती सुट्या पत्र्यावरच करा. जस्त आणि अँटिमनी एकत्र मिसळलेल्या लगडीवर ॲसिड टाकलं तर स्टिबिन नावाचा अतिशय विषारी वायू सुटू शकतो. मी लगडीला ॲसिड लावलं नाही.

लगडींसाठी वेगळी परीक्षा केली. दोन किलो लगड छोट्या लोखंडी कढईत ३६० अंशांपर्यंत नेली. चांगली टाइप मेटल या तापमानाला पाऱ्यासारखी हलते. झाऱ्यानं साय बाजूला केली की खाली आरसा दिसतो आणि तो काही क्षण टिकतो. इथं आरसा दिसतच नव्हता. साय सारली की तिथं लगेच सुरकुतलेली नवी साय. पळीतून ओतताना धार तुटत नव्हती. शेवटाला शेपूट लोंबत राहत होतं. पृष्ठभाग नाचणीच्या आंबिलीसारखा, जरा रवाळ. बेअरिंगच्या कामात मी हे दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा कारण जस्तच निघालं.

एका खासगी प्रयोगशाळेत लगडीचा तुकडा तपासून घेतला. जस्त ०.६ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण ३१ किलोंत ०.६ टक्के म्हणजे १८६ ग्रॅम, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा लहान असे दोन पत्रे. तेवढ्यानं ३१ किलो धातू निकामी केली.

आता तिचा खरा प्रश्न: तीनदा साफ करूनही घाण गेली कशी नाही?

त्या कारखान्यात काय केलं ते तिनं नीट सांगितलं. जोरदार बर्नर लावला, कढईचं बूड लाल झालं. मेणबत्तीचे तुकडे टाकले, धूर आला, ढवळलं, वर आलेली राखाडी साय काढून फेकली. पुन्हा साय आली, पुन्हा काढली. टाकणखार टाकला. पुन्हा साय. शेवटी ३६ किलोंच्या ३१ किलो लगडी हातात आल्या आणि "आता एकदम शुद्ध" असं सांगण्यात आलं.

भंगार शिशात घाण दोन प्रकारची असते, आणि दोन्हींना एकच औषध लावलं की असं होतं. पहिली घाण शिशात विरघळत नाही: शाई, माती, लाकडाचा कोळसा, लोखंडी खिळे, हवेनं झालेली ऑक्साइडं. ती तरंगते. शिशाची घनता ११.३४, लोखंडाची ७.९, पितळेची साडेआठच्या आसपास, जस्ताची ७.१; वितळलेल्या शिशावर रोजच्या वापरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू तरंगते. ती ढवळून वर आणायची आणि झाऱ्यानं काढायची. मेण, राळ, लाकडाचा भुसा यांचं काम इथं आहे. दुसरी घाण शिशात विरघळून त्याचाच भाग होते: जस्त, तांबं. तिला मेण लावा, भुसा लावा, ती तिथेच राहते. चहात विरघळलेली साखर गाळणीनं काढायचा प्रयत्न करण्यासारखं ते आहे.

मेण आणि भुसा नेमकं काय करतात याबद्दल गाळ्यागाळ्यांत गैरसमज आहे. ते घाण 'ओढून' घेत नाहीत. त्यांच्या जळण्यातून निघणारा कार्बन शिशाच्या आणि कथलाच्या ऑक्साइडातला ऑक्सिजन काढून घेतो आणि धातू परत खाली सोडतो. म्हणजे वर आलेल्या राखाडी सायीत अर्धी तर आपलीच कमाई असते. कथील शिशाच्या आधी हवेशी जुळतं, त्यामुळे पहिली साय कथलाची असते. आणि कथील शिशापेक्षा कितीतरी महाग. भुसा टाकून पाच मिनिटं नीट घोटलं तर ती साय परत धातू होते आणि वर फक्त कोरडी तपकिरी-काळी भुकटी उरते. ती भुकटी काढायची. जस्ताचं ऑक्साइड मात्र इतकं घट्ट बांधलेलं असतं की या तापमानाला कार्बनकडून ते सुटत नाही.

त्या कारखानदारानं साय परत धातू होईपर्यंत घोटलंच नाही, आधीच काढली आणि दर खेपेला कथील फेकलं. प्रयोगशाळेच्या कागदावर लगडीतलं कथील जेमतेम ३ टक्के होतं. थोडं पाइपांच्या शिशानं पातळ झालं असेल, पण बाकीचं झाऱ्यावरून कचऱ्यात गेलं. लाल बुडाची कढई हे त्यातलं दुसरं कारण. ४०० अंशांच्या वर कथील आणि शिसं भराभर जळतं आणि जस्त झपाट्यानं विरघळतं. जस्त ४१९ अंशांना वितळतं. कढई ३३०-३४०ला ठेवली असती तर ते पत्रे बराच वेळ वर तरंगत राहिले असते आणि चिमट्यानं उचलता आले असते.

टाकणखाराबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण सोनार आणि पितळेचे ओतारी तो वापरतात म्हणून लोक शिशातही टाकतात. टाकणखार ७४० अंशांच्या आसपास वितळतो. शिशाच्या कढईत तो नुसता फुलून पांढरा पडून राहतो. काही उपयोग नाही. नवसागर टाकला तर दाट धूर होतो आणि कढई व हत्यारं गंजतात; माझ्या गाळ्यात तो शिशासाठी येत नाही.

"मग या ३१ किलोंचं काय करायचं?" तिनं विचारलं.

उपाय आहेत. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांत कॉस्टिक सोड्यानं किंवा निर्वात भांड्यात जस्त वेगळं करतात. जस्त शिशात मिसळून पुन्हा काढणं हा तर त्यांचा नेहमीचा खेळ आहे. शिशातली चांदी काढायची पार्क्सची पद्धत १८५०च्या सुमाराची, तीत मुद्दाम जस्त टाकतात, कारण चांदी शिशापेक्षा जस्ताकडे जास्त जाते. पण वितळलेल्या धातूवर कॉस्टिक सोडा ही गाळ्यात करायची गोष्ट नाही. एक थेंब डोळ्यात उडाला की संपलं. दुसरा उपाय गंधकाचा. गंधक जस्ताला आणि तांब्याला धरून भुकटी करून वर आणतो. तिच्या मनाची खात्री व्हावी म्हणून धूर ओढणाऱ्या हुडखाली तीन किलोंवर तो करून पाहिला. ४०० अंश, कागदाच्या पुड्यांत गंधक, लांब दांड्यानं बुडवून ढवळायचं. निळी ज्योत उठली, फटाक्यांच्या दिवसांत येतो तसा वास, आणि वर काळी-करडी भुकटी. दोनदा केल्यावर आंबिलीसारखा रवाळपणा कमी झाला, धार तुटू लागली. पण तीन किलोंचे अडीच राहिले आणि कथीलही गंधकाबरोबर गेलं. अण्णांनी त्यातून एक 'ळ' ओतला. आधीपेक्षा बरा. अनुस्वार अजून अर्धाच. मग मी तिला स्पष्ट सांगितलं की या लगडीत पैसा घालू नकोस. चांगल्या धातूत थोडी थोडी मिसळून ती पातळ करावी असाही सल्ला तिला कुणी दिला होता. तो मी मोडून काढला: एका वाईट गोणीची दोन वाईट गोण्या होतात.

दुसरी गोणी, ३८ किलोंची, अजून आगीत गेली नव्हती. सगळी आशा तिच्यात होती.

तीन दिवस आम्ही फक्त निवडत होतो. धान्य निवडावं तसं, पांढऱ्या कागदावर पसरून, खाली ओलं फडकं. ओलं एवढ्यासाठी की बऱ्याच खिळ्यांवर पांढरी भुकटी चढली होती. लाकडी केसीतून सुटणाऱ्या आम्ल वाफांनी आणि मुंबईच्या दमट हवेनं शिसं असं फुलतं. ही भुकटी म्हणजे शिशाचं कार्बोनेट. ती उडू द्यायची नाही, श्वासात जाऊ द्यायची नाही. आम्ही तिघांनीही कणरोधक मास्क लावले होते, आणि कोरडा झाडू गाळ्यात बंद.

चुंबक फिरवून लोखंडी चुका, म्हणजे लाकडात ठोकायचे बारीक खिळे, काढले. पितळी रूळ कानशीनं घासून पिवळेपणावरून. खरी कला अण्णांची होती. ते एकेक तुकडा लाकडी ठोकळ्यावर दोन इंचांवरून सोडायचे आणि न बघता डावीकडे किंवा उजवीकडे सारायचे. शिसं 'थप्प' पडतं. जस्त किंचित वाजतं. मी त्यांनी जस्ताकडे सारलेले बारा तुकडे ॲसिडनं तपासले, अकरा जस्ताचे निघाले. बारावा पितळेचा पातळ रूळ होता. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पन्नास वर्षं हात यांच्यातच होता. फर्मा, म्हणजे छापायचं पान, बांधताना एखादा खिळा वाकडा असला तरी बोटाला आधी कळायचं." ज्यांचा कान इतका तयार नाही त्यांनी कातरी वापरावी: शिसं आणि खिळे कातरीखाली वेगवेगळे वागतात, खिळा तुटतो, शिसं कापलं जातं, आणि जस्ताचा पत्रा हाताला चांगलाच विरोध करतो. शंका आली की ॲसिडचा थेंब आहेच.

३८ किलोंतून खिळे आणि लेड मिळून २९ किलो निघाले. जस्ताचे ब्लॉक अडीच किलोंच्या वर भरले. म्हणजे पहिल्या गोणीत जितकं जस्त विरघळलं त्याच्या तेरापट इथं वाट बघत होतं.

मग शाई. रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं धुतले, आणि वाळवायला दोन दिवस लावले. जुलैत मुंबईत काहीही वाळत नाही. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला तर त्याची वाफ सुमारे सोळाशेपट जागा मागते आणि ती जागा कढईतली धातू हवेत उडवून मिळवते. म्हणून खिळे लोखंडी पत्र्यावर मंद आचेवर शेकले, पळ्या आणि झारे कढईच्या काठावर तापवूनच धातूला लावले, आणि छपराच्या ज्या सांध्यातून गळतं त्याच्यापासून भट्टी आठ फूट सरकवली. ढवळायला सागाची सुकी चिरलेली काठी घेतली. बांबू घेऊ नका. त्याच्या पेरांत हवा आणि ओल कोंडलेली असते आणि तो फुटतो.

दहा-दहा किलोंचे घाणे घेतले. तापमान मोजायचं थर्मोकपल कढईत, आच मध्यम. ३३० अंशांवर थांबलो. वर उरलेसुरले लोखंडी चुकांचे तुकडे, दोन पितळी टोकं आणि एक जस्ताची चिंधी आली, जी आम्हा तिघांच्या हातून सुटली होती. चिमट्यानं उचलली.

इथं एक जागा अशी आली की जिथं मीही पहिल्यांदा चकलो असतो. ३३० अंशांवर खिळ्यांच्या धातूवर राखाडी लापशीसारखा थर होता. शुद्ध शिशावर असा थर दिसला तर तो मळ. खिळ्यांच्या धातूत मात्र ती अँटिमनी आणि कथलाची स्फटिकं असू शकतात, कारण अँटिमनी जास्त असलेली मिश्रधातू पूर्ण वितळायला शिशापेक्षा जास्त उष्णता मागते आणि ही स्फटिकं हलकी असल्यामुळे वर येतात. तो थर काढून फेकला की खिळ्याचा कठीणपणाच फेकला. ओळखायची रीत साधी: आच ३७०पर्यंत वाढवा आणि ढवळा. स्फटिकं विरघळून गायब होतात, मळ तसाच राहतो. आमचा थर तीन-चतुर्थांश गायब झाला. आच वाढवायची ती मात्र तरंगणारं सगळं आधी काढून झाल्यावरच, नाहीतर चुकून राहिलेलं जस्त या उष्णतेत विरघळून जातं.

मग भुसा. सुताराच्या दुकानातला, कोरडा, रंगकाम किंवा प्लायवुडचा गोंद नसलेला. मूठभर टाकला, काळा धूर निघाला, काडीनं पेटवला म्हणजे धूर जळून जातो. भुसा जळून कोळशाचा थर झाला की पळीनं तळापासून धातू उचलून त्या थरातून परत सोडत राहायचं, कढईच्या कडा आणि बूड खरवडत. पाच-सहा मिनिटं. राखाडी साय हळूहळू आटली आणि वर कोरडी काळसर भुकटी उरली, झाऱ्यावर घेतली तर वाळूसारखी सरकणारी. ती काढली आणि खाली आरसा. छपराचा निळा पत्रा त्यात स्पष्ट दिसला. मुलगी वाकून बघायला लागली तेव्हा तिला मागे ओढावं लागलं.

दुसऱ्या खेपेला पुन्हा भुसा, शेवटी मधमाशीच्या मेणाचा एक लहान तुकडा. बस्स. तिसऱ्यांदा साफ करण्याचा मोह मी आवरतो; प्रत्येक खेपेला थोडं कथील जातंच.

२९ किलोंच्या २८ किलो १०० ग्रॅम लगडी झाल्या. तपासणीत अँटिमनी १६ टक्के, कथील साडेसहा, तांबं किरकोळ, जस्त यंत्राला सापडलं नाही. धातू साच्यात आणखी मोकळी धावावी म्हणून अर्धा किलो शुद्ध कथील वरून घातलं. त्या कथलाचा भाव बघून तिचा चेहरा उतरला होता. मी तिला पहिल्या गोणीतून किती कथील फेकलं गेलं असेल त्याचा अंदाज सांगितला.

काळ्या भुकटीचं काय केलं तेही सांगायला हवं, कारण याच्यावर कुणी बोलत नाही. ही भुकटी शिशाच्या लगडीपेक्षा धोकादायक आहे. साडेतीनशे अंशांना शिशाची वाफ नगण्य असते. विष शरीरात जातं ते धुळीतून, बोटांवरून, डब्यातल्या पोळीबरोबर. आमची भुकटी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गेली, वर चिठ्ठी लावून. ती कचरापेटीत किंवा गटारात टाकायची नसते. घातक कचऱ्याचे २०१६चे नियम तिला लागू होतात आणि ती नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यावी लागते. पहिल्या गोणीच्या लगडीही त्याच गाडीत जायच्या होत्या. त्यांच्याकडे जस्त काढायची सोय असते, त्यामुळे शिशाचा भाव कापून का होईना, पैसे मिळतात.

गाळ्यातून निघताना मी तिला साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि कपडे बदलायला लावले. वापरलेले कपडे पिशवीत, घरी वेगळे धुवायचे. तिला चार वर्षांचा मुलगा आहे. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी स्वतः दरवर्षी रक्ततपासणी करतो. तिनं घराच्या गॅलरीत भट्टी मांडायचा विचार बोलून दाखवला होता. त्याला मी साफ नाही म्हटलं आणि ओतण्यासाठी शनिवारी गाळा तिला मोकळा करून दिला.

पहिल्या शनिवारी अण्णांनी हातसाचा तापवला, मातृका बसवली आणि पळी कलती केली. ओतताना ते साच्याला वर एक झटका देतात, म्हणजे धातू मातृकेच्या तळाशी आपटते. पहिले सात-आठ खिळे साचा पुरेसा तापला नाही म्हणून फेकले, म्हणजे परत कढईत टाकले. नववा 'ळ' त्यांनी रुमालावर घेतला, फुंकर मारली आणि डोळ्यांजवळ नेला. मग खिळ्याच्या तोंडावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख दोन्ही गाठींवर वेगवेगळं अडलं. खिळ्याची उंची २३.३२ मिलिमीटर भरली पाहिजे, ती त्यांनी जुन्या खिळ्याशेजारी उभा करून, वर पट्टी ठेवून, पट्टी डुगडुगते का ते बघून मोजली. डुगडुगली नाही.

संध्याकाळपर्यंत बत्तीस 'ळ' झाले, चौदा 'ण' आणि 'कं' आठ, डोक्यावर अनुस्वाराचे ठिपके टोकदार. मुलीनं शाईचं बोट त्यांच्यावर फिरवून कागद दाबला आणि तो गाळ्यातल्या बल्बखाली धरला. पुढच्या आठवड्यात 'श्र' ओतायचा होता. त्याची मातृका एका बाजूला चिरलेली आहे, आणि ती कशी दुरुस्त करायची यावर अण्णा आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.